सार्वजनिक सूर्यदर्शन: रांगेकडून रेखाटनाकडे

पुण्यातील तळजाई टेकडीवर आमचे मंडळ हिवाळ्यात रविवारी सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी सूर्यदर्शन भरवते. या हंगामात त्याच्या पद्धतीत एक मोठा बदल केला आणि तो इतर मंडळांनाही उपयोगी पडेल असे वाटल्याने ही नोंद सविस्तर लिहीत आहे. पूर्वी फिल्टर लावलेल्या दुर्बिणीसमोर रांग लागत असे, प्रत्येकाच्या वाट्याला काही क्षण येत आणि बिंबावरचे दोन-चार काळे ठिपके पाहून माणूस पुढे सरकत असे. आता पहिला थांबा कागद लावलेल्या फळीचा असतो. फळीवर पडलेल्या सूर्याच्या प्रतिमेतील डाग पाहुणा स्वतः पेन्सिलीने नोंदवतो आणि मगच दुर्बिणीला डोळा लावतो.

प्रक्षेपणाची मांडणी अगदी साधी आहे. 60 मिमी व्यासाची आणि 700 मिमी नाभीय अंतराची अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण, 20 मिमीचा हायगेन्स प्रकारचा आयपीस (एरवी डोळा लावायचे नेत्रभिंग) आणि त्याच्यामागे सुमारे 48 सेंमीवर पांढरी फळी, एवढ्यात सूर्यबिंब 15 सेंमी व्यासाचे पडते. हायगेन्स आयपीस मुद्दाम निवडला, कारण त्यातील भिंगे एकमेकांना चिकटवलेली नसतात. चिकटवलेल्या भिंगांचा जोड एकवटलेल्या उष्णतेने खराब होऊ शकतो. आरशाच्या बंद नळीच्या दुर्बिणी या कामाला लावू नयेत. फाइंडर, म्हणजे नेम धरण्यासाठी बाजूला लावलेली छोटी दुर्बीण, काढून ठेवावा. आयपीसमधून येणारा प्रकाश येथे गाळलेला नसतो, त्यामुळे त्याच्याजवळ मंडळाचा एक सभासद कायम उभा असलाच पाहिजे. आम्ही आयपीस आणि फळी यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा आडोसाही केला आहे. त्यामुळे लहान मुलांना तिथे डोके घालता येत नाही आणि प्रतिमाही अधिक ठळक उमटते.

दुर्बिणीला मोटार नाही, आणि ती नसावी असेच माझे मत झाले आहे. कागदावरील वर्तुळात बिंब बसवून हात काढून घेतला, की ते लगेच सरकू लागते आणि दोन मिनिटांहून थोड्या अधिक वेळात वर्तुळाबाहेर जाते. पृथ्वीचे फिरणे असे डोळ्यांदेखत घडताना पाहून लोक थक्क होतात. शिवाय बिंबाची जी कडा आधी बाहेर पडते ती पश्चिम, हेही त्यातूनच ठरते. कागदावर दिशा लिहिण्यासाठी दुसरे काही लागत नाही.

रेखाटताना माणूस किती बारकाईने पाहतो, याची एक नोंद येथे करतो. रोज टेकडीवर येणारे एक आजोबा मध्यभागचा गोल डाग काढून कडेजवळच्या डागाकडे वळले आणि तिथे त्यांची पेन्सिल थांबली. “हा असा चपटा का हो दिसतो?” असे त्यांनी विचारले. सूर्य गोल असल्यामुळे कडेचा पृष्ठभाग आपल्याला तिरका दिसतो, हे सांगताच त्यांनी मान डोलावली आणि तो डाग आणखी निमुळता करून काढला. त्यानंतर कडेकडे बिंब किंचित काळवंडते हेही त्यांच्याच लक्षात आले. ते समजावून सांगण्यात बराच वेळ गेला, पण मागे उभ्या असलेल्यांनीही ते कान देऊन ऐकले.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात आम्ही 1.4 मिमीचा एक ठिपका आधीच काढून ठेवतो. याच प्रमाणात ती आपली पृथ्वी. मोठ्या डागाशेजारी पाहुणे तो ठिपका मनाने ठेवून पाहतात आणि डागाचा आकार त्यांना लगेच उमगतो.

ज्यांना अधिक रस असतो त्यांना आम्ही मोजणीही शिकवतो. रुडॉल्फ वुल्फ यांनी 1848 मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार डागांच्या गटांची संख्या दहाने गुणून तीत एकूण डागांची संख्या मिळवायची. म्हणजे तीन गट आणि अकरा डाग असतील, तर 41. निरीक्षक आणि दुर्बीण यांनुसार या आकड्याला एका गुणकाने गुणावे लागते, पण शाळकरी मुलांसाठी एवढी ओळख पुरेशी आहे.

या हंगामातला सर्वांत मोठा लाभ मात्र रविवारच्या वेळापत्रकातून झाला. पृथ्वीवरून पाहता सूर्यावरील डाग रोज सुमारे 13 अंश सरकतो, म्हणजे आठवड्यात 92 अंशांच्या आसपास. त्यामुळे एका रविवारी पूर्व कडेवर उगवलेला डाग पुढच्या रविवारी मध्याजवळ आणि त्यानंतरच्या रविवारी पश्चिम कडेला पोहोचलेला असतो, अर्थात तोवर तो टिकला तर. सलग तीन रविवारचे कागद एकमेकांखाली लावले, की सूर्याचे स्वतःभोवतीचे फिरणे वेगळे सांगावे लागत नाही. आपण काढलेला डाग कुठवर गेला हे पाहायला लोक पुन्हा टेकडीवर येऊ लागले आहेत, आणि केवळ रांगेच्या काळात हे क्वचितच घडत असे.

दुसऱ्या दुर्बिणीवर सूर्यप्रकाशाचा सुमारे एक लक्षांशच भाग आत सोडणारी फिल्म पुढच्या तोंडाला घट्ट बसवलेली असते. दर वेळी ती सूर्यासमोर धरून बारीक छिद्रे नाहीत ना, हे तपासूनच लावतो. आयपीसला खालून लावायचे जुने काळे फिल्टर तापून तडकतात. ते कोणाकडे असतील तर वापरू नयेत. तिसरी दुर्बीण 656.28 नॅनोमीटरच्या हायड्रोजन-अल्फा प्रकाशाची (हायड्रोजनच्या एका लाल रंगाचीच) आहे आणि तिच्यासाठी डोक्यावरून काळे कापड घेणे अत्यावश्यक ठरले. बिंबावर काळसर दोऱ्यासारखी दिसणारी रेघ आणि कडेबाहेर उसळलेली तांबडी ज्वाला या एकाच प्रकारच्या गोष्टी आहेत, हे येथे दाखवता येते. याच ठिकाणी हमखास आदित्य-एल1 या भारताच्या सूर्यनिरीक्षक यानाचा विषय निघतो. त्यावरील सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत साकारली आणि ती 200 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीत सूर्य टिपते, हे ऐकताना पुणेकरांचा चेहरा खुलतो.

पंचविसाव्या सौरचक्राचा (डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउताराचा) शिखरकाळ 2024 मध्ये झाला, त्यामुळे पुढील काही वर्षांत डाग कमी होत जातील आणि विषुववृत्ताजवळ दिसू लागतील. हा उतार कागदावर उतरवण्याचे आम्ही ठरवले आहे. 2 ऑगस्ट 2027 रोजी महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण आहे; पावसाळी ढगांनी वाट दिली, तर तेही याच वर्तुळात काढू. इतर मंडळांनीही 15 सेंमीचे वर्तुळ ठेवावे, दिनांक, वेळ व पश्चिम दिशा लिहावी आणि डायगोनल (प्रकाश वळवणारा आणि प्रतिमा उलटवणारा आरसा) वापरला की नाही याची नोंद करावी, म्हणजे निरनिराळ्या गावांचे कागद एकमेकांवर ठेवून ताडून पाहता येतील.