खुर्चीवरची बॅग

गेला आठवडाभर मी दर तासाला ग्रंथालयातून एक फेरी मारतेय. हातात वाचनकक्षाचा नकाशा आणि पेन्सिल. माणूस बसलेला असेल तर टिंब, नुसती बॅग असेल तर फुली, लॅपटॉप असेल तर छोटा चौकोन. कोणाचं नाव लिहायचं नाही, कोणाला उठवायचं नाही.

नोंदवहीत सही करून किती जण आत आले ते कळतं. आत येऊन ते कुठे बसले, हे कळत नाही. म्हणून ही पायपीट.

खिडकीजवळच्या जागा मला सगळ्यांत सुंदर वाटायच्या. पण पोरं भिंतीकडे दाटीवाटीनं बसतात, कारण प्लगचे सॉकेट तिथेच आहेत. पावसात खिडकीकडे पुस्तकांची पानं दमट होतात, तेही आहेच. दुपारी जेवणाच्या वेळी फुल्याच फुल्या! आधी राग यायचा. मग एका मुलीनं सांगितलं, "मॅडम, मी साखळी गावाहून येते. जागा गेली तर पुढची बस मिळेपर्यंत बसू कुठे?" तिला घरी अभ्यासाला वेगळी खोली नाही. बॅगेकडे मी आता तशी बघत नाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याचं. जागा शोधण्यात जाणारा वेळही त्यातच धरायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

सोमवारी खिडकीकडच्या टेबलांसाठी सॉकेटची मागणी लिहून देणार आहे. सोबत सगळे नकाशे जोडणार.