डाळिंबाच्या बाटल्या आणि सहा दिवसांचा अंधार

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी बडोद्यात टिश्यू कल्चरने, म्हणजे बाटलीत छोटे कोंब वाढवून, डाळिंबाची रोपं करत होते. कोंब झकास फुटायचे, मुळांचं मात्र नाव नाही. अर्ध्या ताकदीचं एमएस मीडियम (कोंबांचं खाद्य असलेली जेली), लिटरला १ मिलिग्रॅम आयबीए (मुळं फोडणारं हार्मोन), २५ अंश तापमान, १६ तास ट्यूबलाइट, सगळं ठरल्याप्रमाणे. तरी महिनाभराने बुडाशी नुसता कॅलस (पेशींचा बिनआकाराचा गोळा), ओल्या कापसासारखा फुगलेला. हार्मोन कमी पडतंय असं वाटून २ मिलिग्रॅम केलं, तर कॅलसच वाढला. दोन बॅचेस गेल्या, फार वाईट वाटलं.

लॅबमधल्या सीनिअर ताईने बाटली उजेडासमोर धरली. "अगं, हार्मोन वाढवू नकोस. आधी दिवा बंद कर."

कुंडीत छाट कलम लावलं की त्याचं बूड मातीच्या अंधारात असतं. बाटलीतल्या आगरमधून (मीडियम घट्ट करणाऱ्या जेलीतून) मात्र उजेड थेट बुडापर्यंत जातो आणि उजेडात ऑक्सिन, म्हणजे मुळं फोडणारं हार्मोन, हळूहळू नष्ट होतं. त्यातला आयएए हा प्रकार लवकर जातो, आयबीए त्यामानाने टिकतं, पण तेही पूर्ण वाचत नाही. मुळं फुटणार की नाही हे पहिल्या काही दिवसांतच ठरतं, म्हणून अंधार हवा तो तेव्हाच. शिवाय डाळिंबाच्या कापलेल्या टोकातून फिनॉल नावाची रसायनं सुटून मीडियम काळवंडतं, तेही अंधारात कमी होतं.

तिसऱ्या बॅचला मी दोन आठवडे फॉइल गुंडाळून ठेवलं. तेवढा अंधार जास्त झाला: कोंब पिवळट, लांबुडके, पानं गळालेली.

चौथ्या वेळी एकाच दिवशी केलेलं मीडियम भरलं. निम्म्या बाटल्या सहा दिवस फॉइलमध्ये, निम्म्या उघड्या, पण सगळ्या एकाच रॅकवर, म्हणजे तापमानाचा फरक नको. फॉइल काढल्यावर काहीच दिसलं नाही. आठवड्याभराने बुडाशी मोहरीएवढे पांढरे उंचवटे दिसले, मग त्यांतून टोकाला काचेसारखी मुळं. उघड्या बाटल्यांत एक-दोनच आली, तीही कॅलसमधून. चिमट्याने धरताच कॅलससकट सुटली. अशा मुळांचा खोडाशी नीट जोडच नसतो, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

कोमट पाण्यात आगर धुऊन काढून, कोकोपीटात लावलेली चार रोपं सध्या रावपुऱ्यातल्या आमच्या घरी सावलीत आहेत. वरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीला रोज एक भोक वाढवते. आजी सकाळी पूजा झाली की आधी तिकडे जाते, पिशवीला आतून दव धरलंय का बघायला.