पिल्लं आणि त्यांचे शेजारी

आज झेब्रा फिंच या छोट्या पाळीव पक्ष्यांची पिल्लं घरट्याबाहेर आली आणि पिंजऱ्यात नुसता कल्ला! चोची अजून काळ्याकुळकुळीत. नारिंगी व्हायला वेळ आहे.

गंमत म्हणजे भूक लागली की ही मान उंच करत नाहीत. खाली वाकतात, मान पिळून तोंड वर वळवतात आणि 'आ' करतात. समोर कोण आहे तेही बघत नाहीत. बापाकडे मागून झालं की थेट शेजारच्या, दुसऱ्या जातीच्या बेंगालीज फिंचपुढे! ती बिचारी भरवतेसुद्धा. तिची ख्यातीच तशी. लोक गोल्डियन फिंचची अंडीही तिच्याखाली उबवायला ठेवतात.

सगळेच शेजारी इतके भले नसतात हो. बजी (छोटा पाळीव पोपट) कितीही गोड दिसू दे, फिंचच्या पिंजऱ्यात नको म्हणजे नको. चावला तर काडीएवढा पाय गेलाच समजा. फिंच-फिंचमध्येही घरट्यावरून जुंपते, झेब्रा नर तर महाभांडकुदळ. म्हणून जोड्यांपेक्षा घरटी जास्त हवीत आणि सगळी एकाच उंचीवर, म्हणजे वरच्या जागेसाठी मारामारी नाही.

खायला कुस्करलेलं उकडलेलं अंडं (उरलेलं लगेच काढायचं, फार लवकर खराब होतं), मोड आलेले दाणे आणि कटलबोन (कॅल्शियमसाठी कटलफिशचं हाड). पिल्लं साधारण 18 ते 21 दिवसांची झाली की बाहेर पडतात, पण दाणे स्वतः सोलायला आणखी दोनेक आठवडे लागतात. तोवर वेगळं करायची घाई नको.

आणि बाप? पिल्लं मागे लागलेली असतानाच पठ्ठ्या पुढच्या घरट्यासाठी गवत गोळा करतोय!