कॅथोडवरच्या गाठी येतात कुठून?

बडोद्यात मकरपुऱ्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मर आणि वाइंडिंग वायरची कामं भरपूर, पण तिथे तांबं पोचतं ते 8 मिलिमीटर रॉडच्या वेटोळ्यात. त्याआधीचा कॅथोड, म्हणजे रिफायनरीत विजेने शुद्ध केलेल्या तांब्याचा पत्रा, फारसा कुणी पाहत नाही. वायर कडक निघाली किंवा कंडक्टिव्हिटी कमी भरली की रॉडवाल्याला फोन जातो. बऱ्याचदा चौकशी त्याच्याही मागे, रिफायनरीच्या टाकीपर्यंत न्यावी लागते.

भट्टीतून ओतलेल्या ॲनोडमध्ये, म्हणजे शुद्ध करायच्या तांब्याच्या जाड पाटीत, तांबं 99 टक्क्यांच्या वर असतं. उरलेल्यात निकेल, आर्सेनिक, अँटिमनी, बिस्मथ, शिसं, सेलेनियम, चांदी. द्रावणाच्या टाकीत करंट सोडला की ॲनोड विरघळतो आणि स्टेनलेसच्या पत्र्यावर 99.99 टक्क्यांचं तांबं चढतं. चांदी-सोनं तळाच्या गाळात जातं, निकेल द्रावणातच राहतं. द्रावणात लिटरला 40 ते 50 ग्रॅम तांबं, 160 ते 200 ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड. तापमान 60 ते 65 अंश. व्होल्टेज टाकीला जेमतेम 0.3, करंट मात्र चौरस मीटरला 300 अँपिअरच्या घरात.

कॅथोडवर गाठ वाढून समोरच्या ॲनोडला टेकली की शॉर्ट. तिथून करंट नुसता वाहून जातो, तांबं बसत नाही. कामगार गॉसमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजून करंट दाखवणारं यंत्र) घेऊन हँगर बारवरून, म्हणजे कॅथोड ज्यावर लटकतात त्या दांड्यांवरून, फिरतो, जिथे काटा जास्त हलला तो कॅथोड उचलतो आणि गाठ ठोकून काढतो.

गाठी दिसल्या की पहिला हात सरसाच्या डब्याकडे जातो. द्रावणात सोडलेला सरस, थायोयुरिया (गंधक असलेलं एक रसायन) आणि थोडं क्लोराइड यांवरच पृष्ठभाग गुळगुळीत राहतो हे खरं. गरम ॲसिडात सरस काही तासांत मोडतो, त्यामुळे तो सतत थोडा थोडा सोडावा लागतो. पाळीला एकदा ओतून भागत नाही. थायोयुरिया जास्त झाला तर गंधक कॅथोडमध्ये शिरतो आणि वायर अॅनीलिंगला (मऊ करण्यासाठी तापवताना) लवकर मऊ पडत नाही. वाइंडिंगवाल्याची तक्रार इथून निघालेली असू शकते.

डोस वाढवण्याआधी गाठी कुठे आहेत ते बघावं. सगळ्या पत्र्यावर सारख्या पसरल्या असतील तर डोस. खालच्या भागातच असतील तर द्रावणाचा प्रवाह जोराचा होऊन गाळ उठतोय. वरच्या काठाशी असतील तर तरंगता गाळ. ॲनोडमध्ये अँटिमनी-बिस्मथच्या मानाने आर्सेनिक कमी पडलं की तो वाढतो. (होय, इथे आर्सेनिक हवं असतं!) एकाच कडेला किंवा एकाच ठिकाणी असतील तर ॲनोड वाकडा.

माझ्या मते गाठींची निम्मी लढाई ओतकामातच हरली जाते. साच्याच्या कडेला राहिलेली झालर, वाकलेला कान (ॲनोड ज्यावर लटकतो तो वरचा कोपरा), एका बाजूला जाड ॲनोड: तो सरळ लटकत नाही, अंतर कमी पडतं आणि तिथेच करंट एकवटतो. ओतण्याआधी ॲनोड भट्टीत हवा फुंकून गंधक काढतात. त्यात तांब्यात ऑक्सिजन चढतो, तो नैसर्गिक वायूने सुमारे 0.15 टक्क्यांवर आणतात. पूर्वी या कामाला ओल्या लाकडाचे ओंडके बुडवत. गंधक राहिला तर थिजताना वायू सुटून ॲनोडवर फुगवटे येतात आणि फुगवटा थेट कॅथोडकडे तोंड करून बसतो.

आणि ॲनोडचा कान बसबारवर (करंट पोचवणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर) जिथे टेकतो ती जागा गरम पाण्याने धुतलेली हवी. तिथे सल्फेटचा पापुद्रा बसला तर त्या ॲनोडच्या वाटणीचा करंट शेजाऱ्यांवर पडतो आणि गाठी शेजारच्या कॅथोडवर येतात.