आडवाच ठेवा

मी नर्स. आधी पुण्यात आयसीयूत होते, मग अ‍ॅबरडीनला इमर्जन्सी विभागात, आणि आता उत्तर समुद्रातल्या एका तेलाच्या प्लॅटफॉर्मवर मेडिक आहे. तीन आठवडे समुद्रात, तीन आठवडे घरी. सिक बेमध्ये दोन खाटा, हृदयाला शॉक देणारा डिफिब्रिलेटर, ऑक्सिजन, औषधांचं कपाट आणि किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना लावायचा फोन, एवढा संसार. बहुतेक दिवस डोळ्यात गेलेला कण, ठणकणारी दाढ, धरलेली कंबर आणि "ऑफिसला कळवू नका हं" म्हणत दाखवलेलं ब्लड प्रेशर यातच जातात.

घरचे विचारतात, तिथे आगीची भीती नाही का वाटत? वाटते. ६ जुलै १९८८ ला याच समुद्रात पायपर अल्फा हा तेलाचा प्लॅटफॉर्म जळाला आणि १६७ माणसं गेली. आमचे कितीतरी नियम त्या रात्रीनंतर कडक झालेत. पण माझ्या कामात मला खरा धाक आहे तो थंड पाण्याचा. हिवाळ्यात इथलं पाणी सहा-सात अंशांवर असतं. त्यात पडलेल्या माणसाचं पहिलं मिनिट धाप आवरण्यात जातं. तेवढ्यात तोंड पाण्याखाली गेलं तर खेळ तिथेच संपतो. पुढची दहाएक मिनिटं हातपाय ऐकतात, मग बोटांना दोरीसुद्धा धरवत नाही. आणि लाइफजॅकेटने तोंड वर धरलं असेल, तरच शरीर आतून गार होऊन शुद्ध हरपण्याची वेळ येते, साधारण तासाभराने. म्हणजे ज्याला आम्ही हायपोथर्मिया म्हणून उपचार देतो, तो पहिल्या दोन परीक्षा पास होऊन आलेला असतो.

शरीराच्या आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया, २८ च्या खाली गेलं की तीव्र. पुस्तकात हे सोपं दिसतं. बोटीवर मोजणार कशाने? कानात धरून बटण दाबायचं थर्मामीटर अशा पेशंटच्या बाबतीत बिनकामाचं. कानात पाणी असतं, कातडी बर्फ झालेली असते, स्क्रीनवर नुसतं 'लो' येतं. खरा आकडा मिळतो तो अन्ननलिकेत खालपर्यंत सोडलेल्या प्रोबवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेवर, आणि ती सोडायची तर आधी श्वासनलिकेत नळी हवी. म्हणून आम्ही आकड्याऐवजी माणूस बघतो. नीट बोलतोय का? हाक मारल्यावरच डोळे उघडतोय का? चिमटा काढल्यावरच हलतोय का? श्वास आणि नाडी तरी आहे का? स्विस डॉक्टरांनी बसवलेल्या या चार पायऱ्यांवर आमचं सगळं चालतं. आणि एक खूण मी स्वतः फार मानते: कापरं थांबणं. गारठलेला माणूस कापायचा थांबला आणि शांत झाला की नातेवाइकांना हायसं वाटतं. मला तेव्हाच घाम फुटतो.

एका जानेवारीत रात्री मासेमारीची एक बोट बुडाली. बाकीचे तराफ्यावर चढले, एकजण लाइफजॅकेटसह पाण्यात राहिला. आमची स्टँडबाय बोट, म्हणजे प्लॅटफॉर्मजवळ बचावासाठी उभी असते ती, सगळ्यात जवळ होती, पण तिला पोचायला आणि अंधारात त्याला हुडकायला दीड तासाच्या आसपास गेला. (थोडे तपशील बदललेत, ओळख पटू नये म्हणून.) लाटा अशा होत्या की मला बोटीवर उतरवणं शक्य नव्हतं. तेव्हा मी रेडिओ रूममध्ये, पेशंट मैलभर लांब, आणि मधे बोटीचा मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी. प्रथमोपचाराचं चांगलं शिक्षण घेतलेला, धीराचा माणूस. माझा हात त्या पेशंटला शेवटपर्यंत लागला नाही.

मेट म्हणाला, "हाक मारली की डोळे उघडतोय, पुटपुटतोय. कापत नाहीये. उठून बसायचं म्हणतोय, बसवू का?"

"नाही. आडवाच ठेवा."

"पोरं त्याचे हातपाय चोळतायत, बरं वाटेल त्याला."

"थांबवा त्यांना. आडवाच ठेवा."

"कॉफी?"

"नको. व्हिस्की तर अजिबात नको."

पाण्यात उभ्या तरंगणाऱ्या माणसाच्या पायांना पाण्याचा दाब चहूबाजूंनी आवळून धरतो आणि रक्त वर ढकलत राहतो. त्याला उभा उचलून बाहेर काढला की तो दाब गेला, रक्त पायांत उतरलं, आणि गारठलेल्या हृदयाला ते सावरता येत नाही. हाती लागेपर्यंत बोलणारी माणसं डेकवर येता येता गेल्याची उदाहरणं यामुळेच आहेत. म्हणून पेशंटला जाळीत गुंडाळून, आडवा लोळवत वर घ्यायचा. दुसरं, २८-३० च्या खालचं हृदय फार चिडकं असतं; आदळआपट झाली, पेशंट धडपडला, की ताल सोडून नुसतं थरथरायला लागतं. तिसरं, हातापायांतलं रक्त सगळ्यात थंड. चोळून किंवा गरम शॉवरखाली धरून तिथल्या वाहिन्या उघडल्या की तो गारवा आत हृदयाकडे निघतो, वर ब्लड प्रेशर पडतं ते वेगळंच. आपल्याकडे थंडी भरली की तळपायांना ब्रँडी चोळणारी आजी घरोघरी होती, माझीही होती. सर्दीच्या पोराला तिने काही बिघडत नाही. इथे बिघडतं.

मेटकडून करून घेतलं ते एवढंच. केबिनचं दार बंद, हीटर पूर्ण. ओले कपडे कात्रीने कापून काढा, ओढून नको. कोरडं करायला टॉवेल टिपा, घासू नका. खाली जाड गादी, कारण खालून गेलेला गारवा कुणाच्या लक्षात येत नाही. मग ब्लँकेटं, डोकं-मान झाकलेली, आणि सगळ्यात बाहेरून प्लास्टिकची शीट. हवा लागली की आपोआप तापणारे पॅक छाती, काखा आणि पाठ इथेच, मधे कापड घालून, कारण गारठलेली कातडी भाजलेलं सांगत नाही. हातपाय सोडून द्या. ऑक्सिजन. नाडी मोजायची ती पूर्ण एक मिनिट. त्याने मोजून सांगितलं, चौतीस. आवाजात धसका होता. मी म्हटलं, या तापमानाला चौतीस म्हणजे हृदय शहाणपणाने वागतंय, त्याला पळवायला काही देऊ नका.

आयसीयूमध्ये हात चालवायची सवय लागलेल्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. पेशंट डोळ्यांसमोर (माझ्या तर कानांसमोर) उतरत जातो. अर्ध्या तासाने तो हाकेला डोळे उघडेना, चिमट्यालाच हलत होता. आणि तरी करायचं काय, तर होतं तेच राखायचं, दर पाच मिनिटांनी श्वास बघायचा आणि तो योग्य ठिकाणी पोचेल एवढं बघायचं. टॉपसाइड, म्हणजे किनाऱ्यावरच्या, डॉक्टरांशी माझं त्या रात्रीचं बहुतेक बोलणं औषधांवर झालंच नाही. कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं यावर झालं.

कारण हृदय थांबलं तर त्याला परत गरम करणारं खरं यंत्र एकच: एक्मो. रक्त बाहेर काढून, ऑक्सिजन देऊन, गरम करून परत आत सोडणारं. ब्लँकेटाने तासाला जेमतेम एखादा अंश चढतो, एक्मोने सहाच्या आसपास. मे १९९९ मध्ये उत्तर नॉर्वेत नार्विकजवळ अ‍ॅना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर स्कीइंग करताना ओढ्यात बर्फाखाली अडकली. ८० मिनिटं. हवेचा एक कप्पा सापडला म्हणून त्यातला अर्धा वेळ ती श्वास घेत होती. ट्रोम्सोच्या हॉस्पिटलात पोचली तेव्हा तापमान १३.७ होतं आणि हृदय थांबलेलं. वाटेत हेलिकॉप्टरमध्ये कुणीही सीपीआर, म्हणजे छाती दाबत राहणं, सोडला नाही. ती जगली, आणि पुढे त्याच हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये डेन्मार्कच्या प्रेस्तो फ्योर्डमध्ये शाळेची होडी उलटली. एक शिक्षक गेला, पण हृदय थांबलेली सात मुलं होती, ती सातही एक्मोवर घेतली आणि सातही वाचली.

मेंदू गार झाला की त्याची ऑक्सिजनची भूक अंशाअंशाने कमी होते. १८ अंशांना तो ३७ च्या मानाने दहापट वेळ तग धरू शकतो. अट एकच, आधी गारठलेला हवा आणि मग हृदय थांबलेलं हवं. आधी बुडून गुदमरला आणि मग गार झाला, तर ही सवलत नाही. म्हणून सीपीआरचे नियमही इथे वेगळे. नाडी शोधायला दहा सेकंदांऐवजी पूर्ण मिनिट. ३० अंशांच्या खाली शॉक तीनच, हृदयाला चेतवणारं अ‍ॅड्रिनलिन नाहीच. स्ट्रेचर हलवताना सलग सीपीआर जमत नसेल तर २८ च्या खाली पाच मिनिटं दाबा, मग पाच मिनिटांपर्यंत थांबलात तरी चालेल, अशी अधिकृत मुभा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. आणि ताठ, निळा, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेला माणूस दिसला म्हणून मृत म्हणायचं नाही. तो अधिकार गरम करून झाल्यावर, हॉस्पिटलचा.

आमच्या माणसाचं हृदय थांबलं नाही. शेटलंडहून कोस्टगार्डचं हेलिकॉप्टर आलं, स्ट्रेचर आडवाच वर घेतला. विंचमनने, म्हणजे हेलिकॉप्टरमधून दोरावर उतरणाऱ्या माणसाने, खाली उतरल्यावर पहिलं विचारलं, "कुणी चोळलं का याला?" मेट म्हणाला, "मेडिकने चोळू दिलं नाही." नंतर निरोप आला, आतलं तापमान २७ च्या घरात भरलं होतं, आता चालतोय.

सुट्टीत गावी हे सांगत होते तर मामेभाऊ म्हणाला, "ताई, अरबी समुद्रात कसला आलाय गारठा?" त्याची हर्णैला मासेमारीची बोट आहे. सहा अंशांचं पाणी नाही, खरं. पण पाणी हवेच्या पंचवीसपट वेगाने उष्णता ओढतं, आणि २८-२९ अंशांचं पाणीसुद्धा शरीरापेक्षा गारच. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबई हायजवळ कामगारांची पी-३०५ ही बार्ज बुडाली, तेव्हा माणसं रात्रभर पाण्यात तरंगत होती. तासन् तास भिजून, दमून, वाऱ्यावर काढलेल्या माणसालाही आडवाच घ्यायचा असतो, आणि तेवढ्यासाठी खास पोशाख लागत नाही की यंत्र.

"मग आडवा घ्यायचा कसा? तुमच्यासारखी जाळी आम्ही कुठून आणू?"

मी म्हटलं, तुझ्याकडे जाळ्याशिवाय आहे तरी काय! जाड जाळ्याचा तुकडा, एक कड बोटीच्या काठाला बांधायची, मधला झोळ पाण्यात, माणूस त्यात आला की दुसरी कड दोघांनी वर ओढायची. तो आपोआप लोळत वर येतो. एकाला उभा ओढायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा निम्माच. त्याने दुसऱ्याच दिवशी बंदरात भाच्याला पाण्यात टाकून करून पाहिलं. दोन खेपांत जमलं. भाचा म्हणतो तिसऱ्या खेपेचे पैसे घेईन, आणि जाळं आधी धुवा, बांगड्याचा वास येतो.