लाल गोळी आणि दुधाचा पेला

माझ्या जावेला चौथा महिना लागलाय, आणि परवा रात्री ती लोहाची लाल गोळी दुधाच्या पेल्यासोबत घेताना दिसली तेव्हा मी ओट्यापासून तिथवर अक्षरशः धावत गेले.

कारण मी पण हेच केलं होतं. पाचव्या महिन्यात माझं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, 9.1 निघालं, गरोदरपणात 11 च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्त कमी, असं धरतात, म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या दिवसाला दोन गोळ्या आणि कॅल्शियम सांगितलं. पण कशी घ्यायची हे ना मी विचारलं ना कुणी सांगितलं. सकाळची गोळी चहा-चपातीसोबत जायची. रात्रीची सासूबाई दुधाबरोबर द्यायच्या, गोळी उष्ण पडते म्हणून, साय धरलेलं दूध स्वतः कोमट करून आणायच्या बिचाऱ्या, आणि त्याच घोटात मी कॅल्शियम पण गिळायचे. एक दिवस चुकवला नाही हो. महिन्याने तपासलं तर 9.2. मला तिथेच रडू आलं, वाटलं माझ्या अंगातच काहीतरी खोट आहे.

मग आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरने कार्ड बघितलं आणि एकच विचारलं, "गोळी कशाबरोबर घेतेस गं?" मी सांगितलं तशी त्यांनी कपाळाला हात लावला. दुधातलं, गोळीतलं कॅल्शियम लोह शोषू देत नाही, चहातलं टॅनिन पण तेच करतं, म्हणजे मी गोळ्या खात होते पण रक्तापर्यंत पोचतच नव्हत्या.

त्यांनी बसवून दिलेली वेळ अशी. कॅल्शियम दोन्ही जेवणांसोबत, लोहाची एक सकाळी 11 ला आणि दुसरी झोपताना, लिंबूपाण्याबरोबर, कारण सी व्हिटॅमिनने लोह चांगलं शोषलं जातं. दोन्हींत निदान दोन तास अंतर. चहा जेवणाआधी-नंतर तासभर नाही, हे मला सगळ्यात जड गेलं. शौचाला काळी होते त्याला घाबरू नकोस म्हणाल्या, न शोषलेलं लोह असतं ते. बाळ काळं होतं असं शेजारच्या काकू सांगायच्या, त्यात काडीचं तथ्य नाही.

आठव्या महिन्यात 10.4.

खाण्याचं पण सांगते, गरोदरपणी दिवसाला 27 मिलीग्रॅम लोह लागतं आणि 100 ग्रॅम बाजरीत मिळतं साधारण 6, त्यातलंही थोडंच अंगी लागतं, त्यामुळे नुसत्या भाकरीवर भागत नाही, गोळी लागतेच. पण मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळून खाल्लं तर तेवढ्याच घासातून जास्त मिळतं. नाचणीत 100 ग्रॅमला 350 मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणून नाचणीची आंबील मी दुपारी घ्यायचे, गोळीपासून लांब.

2019-21 च्या सरकारी पाहणीत देशातल्या 52 टक्के गरोदर बायका अ‍ॅनिमिक निघाल्या. यातल्या कितीजणी माझ्यासारख्या नेमाने गोळी दुधाबरोबर घेत असतील हा विचार मनातून जातच नाही.

जावेच्या लाल गोळ्यांची पट्टी आता मी उशाशी ठेवलीये आणि कॅल्शियमची जेवणाच्या टेबलावर. सासूबाई दूध अजून आणतात, फक्त आता चार वाजता.