मावशीचा यमन आणि स्पीकरची शोधाशोध

२००९ मध्ये मावशीने आमच्या घरी यमन गायला, तेव्हा तिच्या मागे तानपुऱ्यावर मी होतो. छोट्या डिजिटल रेकॉर्डरवर ते ध्वनिमुद्रणही केलं. माझ्या जुन्या स्पीकरवर ते लावलं की मावशी ऐकू यायची, पण तानपुरा म्हणजे नुसती घरघर. जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता नाद, कुठेच नाही. मुद्रण वाईट म्हणावं, तर हेडफोनवर तार न् तार मोजता येत होती.

मग दुकानं पालथी घालणं आलं. एका शोरूममध्ये विक्रेत्याने स्फोट-गोळीबाराचा डेमो लावला, छातीत धडधडलं. मी पेनड्राइव्ह पुढे केला तर म्हणाला, "सर, क्लासिकलला काय लागतं, कुठलाही चालेल." उलट आहे खरं तर. स्फोट मूळचा कसा वाजतो हे कुणाला ठाऊक असतं? माणसाचा आवाज जरा नाकात गेला तरी लगेच खटकतो. बीबीसीच्या इंजिनिअरांनीही स्पीकर पारखायला माणसाचं प्रत्यक्ष बोलणंच कसोटीला ठेवलं होतं. १९७०च्या दशकातला त्यांचा एलएस३/५ए हा एवढासा डबा, जेमतेम पाच लिटरचा, स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत मावावा म्हणून केलेला. बास बेताचाच, पण गळा म्हणाल तर समोर माणूस बसल्यासारखा.

तशी जोडी माझ्या खिशाबाहेरची. शेवटी ठाण्याच्या एका निवृत्त काकांकडे जुनी ब्रिटिश बुकशेल्फ जोडी मिळाली. स्पीकरच्या पडद्याभोवतीच्या फोमच्या कडा आपल्या दमट हवेत भुगा होऊन गळतात, म्हणून आधी जाळी काढून बोटाने दाबून पाहिलं. कडा रबराच्या निघाल्या. काकांनी बजावलं, "सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत किती आवाज निघतो ते, ८३ डेसिबल आहे. ८९वाल्याइतका आवाज हवा असेल तर अ‍ॅम्प्लिफायरची चौपट ताकद लागेल." माझी खोली दहा बाय बारा. म्हटलं, भागेल.

घरी आणून शोकेसवर ठेवले, मावशीचा यमन लावला आणि सपशेल निराशा. आवाज मधोमध यायचा सोडून भिंतीभर पसरलेला, डग्गा तर गायबच. दोन दिवस काकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग वाकून पाहिलं तर डाव्या स्पीकरची लाल-काळी वायर मीच उलटी जोडलेली! एक पडदा पुढे आला की दुसरा मागे जायचा, खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकायचे.

डग्गा परतला, पण आता घुमायला लागला. शिवाय मावशी एका ठरावीक स्वरावर आली की शोकेसची काच किरकिरायची. पंधरा मिनिटं मी स्पीकरच फाटला असं धरून बसलो होतो. शेवटी ते खाली उतरवून स्टँडवर घेतले, वरचा छोटा पडदा बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे, आणि मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले. घुमणं निम्म्यावर आलं. टाळी वाजवली की फरशी-भिंतींतून टर्रर्र असा पडसाद यायचा, त्यासाठी सतरंजी अंथरली आणि बाजूच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली. पाहुण्यांना ती सजावट वाटते.

आणि मग तानपुरा आला. निषादाची तार, षड्जाच्या जोडीच्या दोन तारा, खर्ज, प्रत्येकीचा मागे रेंगाळणारा झणत्कार वेगळा. सुरुवातीला कुणीतरी स्वयंपाकघरात भांडं ठेवतं, तेही ऐकू आलं. हे सगळं हेडफोनवर होतंच, पण आता ते खोलीत होतं.

दिवाळीत मावशी आली. तिला मधोमध खुर्चीत बसवून मी अभिमानाने लावलं. डोळे मिटून तिने दोन मिनिटं ऐकलं.

"जोडीतली दुसरी तार उतरलीय रे," ती म्हणाली. "तेव्हा बोलला का नाहीस?"